ध्रुपद धरणारे



बाहेर अमरावती रोडवर ट्रक चाललेत, त्यामुळे मधून मधून माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचणार नाही. नागपूरजवळच्या वाडीत आठव्या मैलापासून नाक्यापर्यंत राहणाऱ्या माणसाला याची सवय असते. बोलणं अर्ध्यात ठेवायचं, ट्रक जाऊ द्यायचा आणि सोडलं तिथून पुन्हा धरायचं. आजचा माझा विषय जवळपास तोच आहे.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. एका वर्षी कॉलेजात जिन्याखाली नोटीस लागली, की विद्यार्थ्यांनी इथे गाड्या लावण्यापासून ‘रिफ्रेन’ करावं. त्याच आठवड्यात वर्गात एक कविता चालू होती आणि मी फळ्यावर लिहिलं होतं की दर कडव्याशेवटी परत येणाऱ्या ओळीला ‘रिफ्रेन’ म्हणतात. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून बिल्ट्या लिहिणारा. म्हणाला, “सर, नोटिशीतलं रिफ्रेन म्हणजे करू नका. कवितेतलं रिफ्रेन म्हणजे पुन्हा पुन्हा करा. मंग एकाच शब्दात हे दोन्ही बसते कसं?”

प्रश्न देखणा होता आणि मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगून टाकायला हवं होतं. पण तेव्हा मी तरुण होतो, फळ्यापुढे उभा होतो. ठोकून दिलं, “अरे, कडवं पुढे पळत असतं, ध्रुवपद त्याला आवरतं. म्हणून शब्द एकच.” वर्ग खूश, मीही खूश. घरी येऊन जाडा कोश उघडला आणि कानशिलं गरम झाली. ते एक नव्हेतच, दोन शब्द आहेत. दोन वेगळ्या गावांहून आलेली, एकाच आडनावाची माणसं असावीत तसे.

आवरण्याचा जो ‘रिफ्रेन’, तो लॅटिनमधल्या ‘फ्रेनुम’पासून आला. फ्रेनुम म्हणजे घोड्याचा लगाम. गाण्यातला ‘रिफ्रेन’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे मोडण्याचं, फोडण्याचं क्रियापद. ओळ मध्ये मोडते आणि लाट खडकावर फुटून मागे यावी तशी मागे येते. हाडाचं फ्रॅक्चर आणि गणितातलं फ्रॅक्शन याच घराण्यातले. तुमच्या गोदामांतल्या खोक्यांवर ‘फ्रॅजाइल’ असा शिक्का असतो, तोही त्यांचाच भाऊबंद. म्हणजे एक शब्द लगामाचा, एक मोडण्याचा. इंग्रजीत गाडी थांबवणारा ब्रेक आणि वस्तू मोडणारा ब्रेक यांची स्पेलिंगं वेगळी; देवनागरीत आपण दोन्ही ‘ब्रेक’ असेच लिहितो. तसंच काहीसं इथे झालं. उच्चार झिजत झिजत एका जागी आले, बाकी सोयरीक नाही.

तर माझं उत्तर चुकलं. पण ते इंग्रजीपुरतं चुकलं. आपल्या बाजूला, या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, ते खरं निघतं हे मला पुढच्या वर्षांत हळूहळू उमगत गेलं. तेवढंच सांगायला आज उभा आहे. तो पोरगा आता कुठे आहे मला माहीत नाही, नाहीतर त्यालाच पहिल्या रांगेत बसवलं असतं.

आपले शब्द पाहा. गाणं आपण म्हणतो, पद म्हणतो, अभंग म्हणतो. ध्रुपद, म्हणजे तेच ध्रुवपद, मात्र धरतो. क्रियापदच वेगळं. जे निसटू नये ते धरायचं असतं: लेकराचं बोट, बैलाचा कासरा, उपास. ध्रुव म्हणजे न हलणारा. दुसरा शब्द टेक. हिंदी भजनांच्या पुस्तकांत ओळीपुढे ‘टेक’ छापलेलं असतं, आणि नागपूरकडच्या भजनी मंडळांत हिंदी-मराठी असा भेद कुणी फारसा करत नाही, त्यामुळे तो शब्द आपल्याही कानावरचा. मराठीत मात्र टेक राखणं म्हणजे घेतलेला निश्चय न सोडणं. टेकीचा माणूस म्हणजे वाकवला तरी न वाकणारा. गाण्यात परत येणारी ओळ आणि माणसात न ढळणारी गोष्ट, दोन्हींना एकच नाव. उरला पालुपद. तो बिचारा बदनाम झाला. सासूचं पालुपद, पुढाऱ्याचं पालुपद, थकलेल्या बिलाबद्दल कारकुनाचं पालुपद. तेच तेच ऐकून कंटाळलो की आपल्याला हा शब्द आठवतो.

तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. हिशेबाचं खातं सांभाळायचा आणि ‘संगीतरत्नाकर’ लिहायचा. गाण्याच्या प्रबंधाचे चार भाग त्यानं सांगितले: उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग. यांतला मेलापक गाळला तर चालतं, आभोग गाळला तरी चालतं. ध्रुव गाळता येत नाही. शिल्लक काय राहिलीच पाहिजे हे हिशेबनिसाशिवाय कोणाला इतकं नेमकं कळणार!

पण ध्रुपद धरणं म्हणजे काय, हे ग्रंथात बघण्यापेक्षा कीर्तनात बघावं. बुवा पुढे, टाळकरी मागे. या मागच्यांत ध्रुपद धरणारा एक खास माणूस असायचा, त्याला ध्रुपद्या म्हणत. तुकोबांच्या मागे कडूसचे गंगाजी मवाळ उभे असत आणि संताजी जगनाडे उभे असत. नागपुरात जगनाडे चौकातून रोज हजारो माणसं जातात, त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की हा चौक एका ध्रुपद्याच्या नावाचा आहे? परंपरा सांगते की तुकोबांचे अभंग उतरवून घेतले ते या दोघांनी. मला यात मोठी संगती दिसते. तीच ओळ शंभरदा धरणाऱ्यालाच ती अक्षरशः माहीत असते. पुढे गाणारा वाहत जाऊ शकतो; मागच्याला ती मुभा नाही.

खुद्द तुकोबांची सुरुवातही तिथलीच. आपण कसे घडलो हे सांगणारा त्यांचा जो प्रसिद्ध अभंग आहे, त्यात ते म्हणतात की पुढे जे गात होते त्यांच्या मागे आपण ध्रुपद धरलं, तेही मन शुद्ध करून. कवित्व नंतर आलं. आधी दुसऱ्याच्या ओळी मागे उभं राहून धरल्या. आज पहिली कविता लिहिली की तिसऱ्या दिवशी काव्यसंमेलनाच्या मंचावर खुर्ची लागते, तेव्हा हे आठवतं. असो, निमंत्रण मलाही आवडतंच.

छापील गाथेत आणखी एक गंमत आहे. आकडा एक पहिल्या चरणापुढे आणि ‘ध्रु’ दुसऱ्यापुढे. आपण हल्ली रेडिओवर ऐकतो तेव्हा पहिली ओळच घोळवली जाते, म्हणून तीच ध्रुपद असं वाटतं. गाथेच्या हिशेबानं तसं नाही. आधी एक गोष्ट बोलून व्हावी, मग जे धरायचं ते यावं.

आता या धरण्यात आवरणं कुठे आलं? बाईमाणसांचं एखादं मंडळ गाताना नीट बघा. पुढची बाई कडवं म्हणते आणि थांबते. थांबते म्हणजे खरोखर तोंड मिटते. तेवढ्या जागेत मागच्या पंधरा जणी येतात. ती थांबली नाही तर त्यांना जागाच नाही. ध्रुपद ही पुढच्यानं मागच्यांसाठी सोडलेली जागा असते. पोवाड्यात शाहीर आरोळी देऊन मान वळवतो आणि झीलकरी झील ओढतात, तेव्हा शाहीर पाणी पितो, पुढची ओळ जुळवतो. त्याचा दम मागच्यांच्या गळ्यात ठेवलेला असतो. हल्ली एकट्या पुढच्याच्या हातात माईक असतो, आणि माईक हातात असलेला माणूस थांबत नाही. ध्रुपदही तोच म्हणतो, मागच्यांचे फक्त ओठ हलताना दिसतात. माझी तक्रार आवाजाच्या भिंतींबद्दल आहे त्याहून जास्त याबद्दल आहे. गणपतीच्या आरतीत अजून जुनं न्याय्य वाटप टिकून आहे. कडव्यांना चार म्हातारे आणि एक पाठांतरवाली पोरगी, बाकीचे अंदाजानं गुणगुणतात. ध्रुपद आलं की सगळा मंडप एकदम छाती काढून ओरडतो. आपल्याला सगळी आरती येते, असं दर माणसाला वाटतं ते त्या दोन ओळींच्या बळावर.

पोळ्याचं सांगतो. शहरात वाढलेल्या मुलांना पोळा म्हणजे तान्हा पोळा, लाकडी बैल, चाकं आणि बोजारा. मोठ्या पोळ्याला मी लहानपणी मामाच्या गावी होतो. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, त्याच्याखाली जोड्या ओळीनं उभ्या. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं शेकलेले खांदे. बैलांना घरी जायचं असतं. इतक्या गर्दीत, इतक्या वाजंत्रीत जनावर बिथरतं. मामानं कासरा तळव्याला दोन वेढे देऊन धरलेला होता. सुती कासरा ताणला की तळव्यात रुतायचा, तिथली कातडी आधी पांढरी व्हायची, मग लाल. आणि त्याच वेळी झडत्या चाललेल्या. कोणी एक पुढे येऊन झडती म्हणतो. यमक जुळवत गावाची, पाण्याची, सावकाराची, सरकारची खोडी काढतो. आणि शेवटी ठरलेल्या बोलांवर येतो. गौरा-पार्वतीला नमन आणि महादेवाचा गजर. तो गजर सगळा आखर मिळून करतो. मग दुसऱ्या बाजूनं दुसरी झडती. पुन्हा तोच गजर. प्रत्येक गजराला बैल पुढे झेपावायचे आणि प्रत्येक गजराला मामाच्या मुठी आवळायच्या. तोरण तुटेपर्यंत कोणी सोडायचं नाही.

त्या पोरानं विचारलेल्या दोन्ही गोष्टी तिथे एकाच क्षणी, एकाच माणसाकडून घडत होत्या. तोंडानं पालुपद, हातानं आवर. मी दहा-बारा वर्षांचा असेन. मला तेव्हा फक्त तळव्यावरचा लाल वळ दिसला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवत निघतात, तिथेही जमावाची एकच आरोळी असते, रोगराई आणि पीडा गावाबाहेर ने म्हणून. पण तिथे आवरणं नाही, तिथे नुसतं हाकलणं आहे. तो निराळा विषय.

याच रस्त्यानं पुढे गेलं की मोझरी लागते. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या या माणसानं एका हातात मावणाऱ्या खंजिरीवर अख्खा विदर्भ मागे म्हणायला लावला. खंजिरी भजनाची मांडणीच अशी की ऐकणाऱ्याला नुसतं ऐकता येत नाही. दुसऱ्या फेरीला ओळ त्याच्या तोंडात आलेली असते. वाचता न येणाऱ्यांपर्यंत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेदाचा खोटेपणा हे सगळं गेलं ते त्या फेरीतून. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच मिनिटाला मोझरीत मौन पाळतात. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. दिवसभर जिकडे तिकडे खंजिऱ्या, टाळ, भगव्या टोप्या, शेंगदाण्याची टोपली घेतलेल्या बाया, हरवलेल्या पोरांच्या घोषणा. आणि मग एकदम काही नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं खंजिरी वाजू नये म्हणून तिच्या चकत्या बोटांनी दाबून धरल्या होत्या. एवढ्या गाणाऱ्यांनी मिळून न गाणं हे ऐकण्यासारखं असतं.

आणि आता जिथे यायचं होतं तिथे येतो.

१४ ऑक्टोबर १९५६. आज आपण जिला दीक्षाभूमी म्हणतो ती तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची मोकळी जागा होती. कुशिनाराहून आलेल्या वृद्ध भिक्खू चंद्रमणींनी बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना पालीतून त्रिशरण आणि पंचशील दिलं. मग बाबासाहेब जमलेल्या लाखो माणसांकडे वळले, त्यांना उभं राहायला सांगितलं आणि स्वतः पुढे म्हणू लागले. माणसं मागे म्हणू लागली. हे दृश्य नीट डोळ्यांपुढे आणा. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या तोंडून शब्द काढून घेतला होता, ती माणसं एका माणसामागे शब्द उचलताहेत. पंचशील, आणि मग बावीस प्रतिज्ञा. त्या बावीसपैकी निम्म्याच्या आसपास नकाराच्या आहेत: अमुक मानणार नाही, अमुक करणार नाही, चोरी नाही, खोटं नाही, दारू नाही. मैदानभर एका सुरात नाही, नाही, नाही. ‘नाही’ला इतका उत्सवाचा आवाज दुसऱ्या कुठे मिळाला असेल असं मला वाटत नाही.

पंचशीलाची पाली नीट ऐका. पाच शीलं आहेत. प्रत्येकाची सुरुवात वेगळी: प्राणहिंसा, न दिलेलं घेणं, कामातला दुराचार, खोटं बोलणं, आणि शुद्ध हरपवणारं मद्य. शेवट पाचही वेळा तोच. आणि त्या शेवटात जो मुख्य शब्द आहे तो ‘वेरमणी’. वेरमणी म्हणजे विरमणं, थांबणं, अलिप्त राहणं. आपला विराम तिथलाच. पूर्णविराम, स्वल्पविराम शाळेत शिकतो तो. म्हणजे पाच वेळा परत येणारं ध्रुपद, आणि त्या ध्रुपदाचा अर्थच आवरणं. नोटिशीतलं रिफ्रेन आणि कवितेतलं रिफ्रेन. लंडनच्या कोशात ज्यांची गाठ नुसती योगायोगानं पडली, ते इथे वस्तीवस्तीच्या विहारात दर पौर्णिमेला एका श्वासात म्हटले जातात. त्या पोराला मी हे सांगायला हवं होतं. तो रोज विहारावरूनच येत असेल, मी काय सांगणार म्हणा.

पुढचे दोन शब्दही महत्त्वाचे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचं पाऊल. ‘समादियामि’ म्हणजे मी अंगीकारतो. तू करू नकोस असं कोणी वरून सांगत नाही. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, ती सरकारी हुकमाची. तिचं काय होतं ते या रस्त्यावरच्या धाब्यांना विचारा. बंदी दुसरा घालतो. वेरमणी स्वतःच्या तोंडानं म्हणावी लागते, आणि एकदा म्हणून भागत नाही म्हणून ती परत परत म्हणतात. ज्याला एकदा सांगून कळतं त्याला ध्रुपदाची गरज नसते. असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथल्याच एका विहारातलं सांगतो. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. वैशाख पौर्णिमा होती. पंख्याखाली पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, दाराशी चपलांचा ढीग, मेणबत्तीजवळ लहान मुलांची रेटारेटी. माझ्या शेजारी एक ड्रायव्हर बसला होता. ट्रकवर तीस वर्षं काढलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, हात जोडलेले. भंतेजी म्हणत होते, आम्ही मागे म्हणत होतो. पहिलं शील झालं, दुसरं झालं. त्याचा आवाज खर्जातला आणि अगदी स्वच्छ होता, पाली शब्द एक न चुकता. तिसरं झालं. चौथं झालं. पाचव्याला माझ्या उजव्या कानाशी एकदम रिकामं वाटलं. मी पाहिलं. हात तसेच जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ घट्ट.

बाहेर खीर वाटत होते तेव्हा मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं, पण मास्तराची खोड. म्हटलं, पाचवं म्हटलं नाही तुम्ही?

तो हसला. म्हणाला, “काल रात्री घेतली ना सर. आजचंही सांगता येत नाही.”

मी म्हटलं, मागे नुसतं म्हणायला काय होतं, सगळेच म्हणतात.

“तसं कसं? चौथं आत्ताच तर घेतलं.”

पुढच्या पौर्णिमेला मी मुद्दाम त्याच्याच शेजारी जागा धरली. चार शीलं त्याच खर्जात. पाचव्याला तो थांबला, त्याच्या मांडीशी बसलेल्या नातवानं मात्र बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं. आणि शेवटी भंतेजी ‘साधु’ म्हणाले, तेव्हा म्हातारा आम्हा सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाला, साधु. तीनदा.